अठरा फुटांचं ब्रीदवाक्य

मी एक जुना शब्दकोश आहे, लॅटिनचा. लगेच उठू नका, मित्रांनो. माझी गोष्ट छोटी आहे, पानं मात्र बाराशे आहेत.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरं होती. या शाळेत आलो आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी माझ्यावर डोकी ठेवून झोपा काढल्या. मग लॅटिन घेणारे कमी होत गेले. कपाटात एका उंदराने माझी प्रस्तावना खाल्ली. ती शेवटपर्यंत नेणारा तो पहिलाच.

उरले आमचे लॅटिनचे सर आणि त्यांचे नऊ विद्यार्थी. विषय बंद करायचं घाटत होतं. सर बावन्न वर्षांचे. या वयात दुसरीकडे लॅटिन शिकवायला कोण बोलावतं? मेलेल्या भाषेचं सुतक पाळणारेही उरलेले नसतात.

अशात संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी सरांना बोलावलं. शाळेला नवीन फाटक होत होतं आणि त्यावर त्यांना स्वतःचं ब्रीदवाक्य हवं होतं: ‘मी दिलेला शब्द पाळतो.’ लॅटिनमध्ये. सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहिलं तर लोक वाचतील, आणि वाचून हसतील, एवढी समज त्यांना होती.

“आणि माझी नोकरी, साहेब?” सरांनी चाचरत विचारलं.

“हे काम होईपर्यंत तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. शब्द देतो.”

सर मला पिशवीत घालून घरी आले. त्यांच्या ताईने सगळं ऐकून घेतलं.

“होईपर्यंत म्हणाला ना? मग होऊ देऊ नकोस.”

“अगं ताई, दोन शब्दांचं काम आहे.”

“दोन वर्षं लाव. अडलंय म्हणावं. एवढी जाड भाषा, अडायला काय झालं?”

पण सरांना खोटं अडता येत नव्हतं. आणि मला, खरं सांगतो, इतक्या वर्षांनी कोणी विचारत होतं. मी पाहिजे ती पानं भराभर पुढे केली. चहा निवायच्या आत वाक्य तयार झालं: ‘फिदेम सर्वो’.

अध्यक्षसाहेबांनी कागद उलटून पाहिला. “एवढंच? फाटक अठरा फूट आहे, मास्तर. दोन्ही टोकांना काय कबुतरं बसवू?”

“वाढवून आणतो,” सर म्हणाले.

ताईने हात जोडले. “देवच पावला. आता रोज एक फूट वाढव.”

सरांनी दुपारीच वाढवलं. ‘नेहमी’ आलं, ‘सर्वांना’ आलं. वाक्य इतकं नेटकं उतरलं, की सरांनी ते मोठ्याने तीनदा म्हटलं. ताई स्वयंपाकघरात गेली, ती बाहेर आलीच नाही.

अक्षरं फाटकावर चढली त्याच दिवशी सरांच्या हातात पत्र पडलं.

“साहेब, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता आणि पाळला. काम झालं.”

“पण मुलांचं अर्धं वर्ष राहिलंय.”

“फाटक आहे ना! येता-जाता वाचतील.”

सरांनी मला घरी नेऊ का, असं विचारलं. मी संस्थेची मालमत्ता निघालो. सर निघताना फाटकाखाली थांबले, अक्षरांतलं अंतर सारखं आहे का ते पाहिलं, आणि समाधानाने मान हलवून गेले.

आज मी अध्यक्षांच्या दालनात काचेच्या पेटीत असतो. पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, “आमची परंपरा.” कुलपाची किल्ली हरवली आहे.

मित्रांनो, पुस्तकं जपा. थुंकी लावून पानं उलटू नका, कोपरे दुमडू नका. कामात चोख असावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. तेही जरूर ऐका. मात्र या शाळेत लॅटिन जाणणारा आता मी एकटाच आहे, आणि मला कोणी काढणार नाही. माझ्या हातून कुठलंच काम पुरं होत नाही.