अर्धी गाडी

"एक ते दहामध्ये सांगा काका, गाडी किती दमदार वाटते?"

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं, मग प्रश्न विचारणाऱ्या टायवाल्या तरुणाकडे, मग पुन्हा गाडीकडे. मोठ्या हॉलच्या मधोमध, दिव्यांच्या झोतात ती उभी होती. पुढून सरळसरळ मोटार, मागे उघडा हौदा. कंपनीची खूण दिसू नये म्हणून तिच्या नाकावर काळी पट्टी चिकटवली होती. त्यामुळे ती नुकतीच मारामारी करून आल्यासारखी दिसत होती.

"दमदार म्हणजे?"

"म्हणजे बघितल्यावर छाती दडपते का?"

"छाती दडपली तर मी डॉक्टरकडे जातो. हौद्याची उंची किती आहे?"

टायवाल्याने फॉर्मची पानं उलटली. उंचीचा प्रश्न फॉर्मवर नव्हता. "रंगाबद्दल पुढच्या पानावर आहे," तो उमेदीने म्हणाला.

"सात लिहा," मिस्त्रींची बायको मध्येच म्हणाली. कंपनीच्या पत्रात 'सोबत एक व्यक्ती आणता येईल' असं छापलं होतं आणि ती व्यक्ती आपण आहोत याबद्दल तिला जराही शंका नव्हती. "सात म्हणजे कुणाचं मन मोडत नाही. आणि चहा कुठे ठेवलाय?"

कंपनीने असल्या गाड्या बनवणं सोडून बावीस वर्षं झाली होती. ज्यांना मोटार हवी होती ते उंच मोटारींकडे वळले, ज्यांना माल वाहायचा होता ते टेम्पोकडे, आणि मधली ही गाडी कुणालाच नकोशी झाली. आता कंपनीला पुन्हा तिची आठवण झाली होती. लहान धंदेवाले, भाजीचे मळेवाले, दुरुस्तीवाले अशा लोकांना ती पुन्हा हवी असेल का, हे आजमावण्यासाठी जुन्या दफ्तरातून मालकांची नावं शोधून अकरा जणांना पत्रं धाडली होती. त्यातल्या चौघांनी गाडी केव्हाच भंगारात घातली होती. दोघे स्वतःच राहिले नव्हते. हॉलमध्ये आले पाच जण, आणि त्यांतली गाडी अजून रोज राबवणारे एकटे मिस्त्री.

मिस्त्री कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करत. एकोणतीस वर्षं, एकट्याने. गिऱ्हाइकाच्या घरून मशीन उचलायचं, दुकानात आणायचं, उघडायचं, बेअरिंग बदलायचं, परत पोचवायचं. मदतनीस कधी ठेवला नाही, कारण गरज पडली नाही. गरज पडली नाही याचं कारण बाहेर उभं होतं, त्यांची जुनी गाडी. बायकोने तिला लग्नातल्या नातेवाइकासारखं नाव ठेवलं होतं, "पुढून साहेब, मागून हमाल". पण गल्लीत सगळे तिला नुसतं 'अर्धी' म्हणत.

अर्धीच्या पोटाखाली टेम्पोसारखी वेगळी चासी नव्हती. मोटारीसारखी एकजीव बॉडी, म्हणून हौद्याचा तळ जमिनीपासून फक्त एकवीस इंच. त्या खालच्या तळातच तिचं सगळं सुख होतं आणि आता दुखणंही तिथेच होतं. गेल्या महिन्यात तपासणी अधिकारी तिच्याखाली शिरला, तळाच्या पत्र्यावर हातोडीने टकटक केली, आणि हातोडीचं डोकं हौद्यात वर आलं.

"मिस्त्री," अधिकारी खालूनच म्हणाला होता, "मी दिसतोय का वरून?"

"डावा डोळा दिसतोय, साहेब."

चासी असती तर तिला धरून नवा पत्रा जोडता आला असता. इथे पत्रा हाच सांगाडा. जोडायचं कशाच्या आधाराने, हाच प्रश्न होता. पासिंगची मुदत संपायला आता पाच आठवडे उरले होते. तोवर चालवा, मग उतरा, असा निकाल मिळाला.

मेहुण्याने मोठ्या मनाने आपला टेम्पो एक दिवस देऊन पाहिला. टेम्पोचा तळ कमरेइतका. पहिलंच मशीन चढवताना मिस्त्रींच्या पाठीत उसण भरली आणि पुढचे तीन दिवस ते जमिनीवर सरळ पडून छताशी बोलत होते. तेव्हा हिशेब साधा होता. अर्धीसारखी खाली बसणारी गाडी मिळाली तर धंदा चालेल. नाही मिळाली तर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दुकानाला कुलूप. फॉर्मवर हे लिहायलाही जागा नव्हती.

"एकोणतीस इंच."

आवाज मागून आला. खांबाजवळ एक ठेंगणी बाई उभी होती. केसांत पेन्सिल खोवलेली, पँटच्या पट्ट्याला मोजपट्टी अडकवलेली. "हौद्याची उंची विचारत होतात ना? एकोणतीस आहे. हौदा मी केलाय."

"माझा एकवीस आहे," मिस्त्री म्हणाले.

"आठ इंचांनी असं काय बिघडतं?"

मिस्त्रींना इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी हवेत दोन्ही हातांनी काहीतरी उचललं, तिरपं केलं आणि अडकले.

"अहो, हातवारे काय करताय, आणून दाखवा ना," बायको म्हणाली. "मशीन बाहेरच आहे की." वाटेत पोचवायचं म्हणून दुरुस्त केलेलं एक मशीन अर्धीत ठेवलेलंच होतं.

टायवाल्याचा चेहरा उतरला. "गाडीला हात लावायची परवानगी नाही. ही एकच आहे. ओरखडा पडला तर माझं काही खरं नाही."

"ओरखडा पडला तर माझ्या नावावर लिहा," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "आणा काका."

अर्धी हॉलच्या मागच्या दारातून आत आली. नव्या गाडीशेजारी ती एखाद्या समारंभात स्वयंपाकघरातून तशीच उठून आलेल्या बाईसारखी दिसत होती. मिस्त्रींनी हौद्याचा मागचा फाळका पाडला, मशीन खाली उतरवलं आणि म्हणाले, "आता बघा."

त्यांनी मशीनची पाठ हौद्याच्या कडेला लावली. मशीन तेहेतीस इंच उंच, कड एकवीस इंचांवर. वरचा भाग दोन्ही हातांनी मागे लोटताच मशीन कडेवर रेलून आडवं झालं. मग मिस्त्री वाकले, गुडघ्याचा टेकू देत बुडाशी हात घातला, बूड वर आणलं आणि ढकललं. जुन्या गालिच्याच्या तुकड्यावरून साठ किलोचं मशीन घसरत थेट केबिनच्या पाठीला जाऊन टेकलं. इंजिनीअर बाईंनी घड्याळात पाहिलं होतं. अकरा सेकंद.

"उचललं कुठे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"उचललंच नाही. तेच तर सांगतोय."

मग तेच मशीन नव्या गाडीला लावलं. टायवाल्याने डोळे मिटून घेतले. कड मशीनच्या माथ्यापासून जेमतेम चार इंचांवर आली. मिस्त्रींनी लोटलं. मशीन रेललं नाही, नुसतं बुडाशी सरकलं आणि अंगावर यायला लागलं. त्यांनी ते सावरून सरळ उभं केलं आणि हात झटकले.

"इथून पुढे सगळं उचलावं लागतं. साठच्या साठ किलो. ते मी करणार नाही, बायकोला शब्द दिलाय."

"शब्द कसला? तंबी दिलीय मी," बायको म्हणाली.

इंजिनीअर बाईंनी पेन्सिल काढून फॉर्मच्या पाठीवर आकृती काढली. "आठ इंचांतले चार बॅटरीचे आहेत," त्या म्हणाल्या, "ही विजेवर चालते ना, बॅटरी तळाखाली बसवलीय."

"आणि बाकीचे चार?"

त्यांनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने छताकडे पाहिलं.

"बाकीचे चार रुबाबाचे," त्या म्हणाल्या. "फोटो दाखवून लोकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, गाडी खेळण्यासारखी दिसते. म्हणून उचलली."

"कुठल्या लोकांना विचारलंत?"

"रस्त्यावरून जाणाऱ्या."

"त्यातल्या कुणाला मशीन चढवायचं होतं?"

यावर उरलेले चार मालक इतके मोठ्याने हसले की चहावाला आत डोकावला. इंजिनीअर बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी बाह्या सरसावल्या. "तुमच्या गाडीत मी करून बघू?"

"करा की. फक्त पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा."

पहिल्या खेपेला मशीन तिरकं गेलं आणि मिस्त्रींनी ते पायाने अडवलं. "घाई नको," बायको बाजूने म्हणाली. "झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवतो ना, तसं. धक्का नाही द्यायचा." दुसऱ्या खेपेला मशीन रेललं, बूड वर आलं आणि सुळकन आत गेलं. बाई हौद्याला हात टेकून उभ्या राहिल्या. पँटला गुडघ्यापाशी काळा डाग पडला होता. त्यांनी तो पाहिला आणि पुसला नाही.

"काका, ही गाडी यायला हवी," त्या म्हणाल्या.

"केव्हा येईल?"

"ठरलं तर चार वर्षं. आणि अजून काहीच ठरलेलं नाही. वरचे साहेब विचारतात, एवढीशी गाडी घेणार कोण?"

मिस्त्रींनी मनात बेरीज केली. अडुसष्ट. "म्हणजे माझ्यासाठी नाही," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला एखादा सुटा भाग मिळत नाही असं सांगताना त्यांचा आवाज जसा असे, तसाच होता.

बाई जरा घुटमळल्या. "आणखी एक विचारू का? जुने आराखडे कागदावर होते, कंपनीने जागा बदलली तेव्हा गहाळ झाले. चासीशिवाय तळ इतका खाली कसा तोलला होता, हे आत बघितल्याशिवाय कळणार नाही. तुमची मुदत संपल्यावर गाडी आम्हाला मिळाली तर…"

"तर काय कराल?"

"कापू."

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. मिस्त्री अर्धीच्या फाळक्यावर हात ठेवून उभे होते. भंगारवाला तिला दाबून चौकोनी वीट करणार होता, हे त्यांना ठाऊक होतं. ही निदान उघडून बघणार होती.

"पाच आठवडे माझे आहेत," ते म्हणाले. "त्यानंतर मी स्वतः आणून देईन. उचलून न्यायचं नाही. ती चालत येईल."

त्या पाच आठवड्यांत मिस्त्रींनी चाळीस मशीनं पोचवली. गिऱ्हाइकांना कुणकुण लागली होती, त्यामुळे ज्यांची मशीनं नीट चालत होती त्यांनीही 'जरा आवाज येतोय' म्हणून बोलावून घेतलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी अर्धी धुतली, काचा पुसल्या आणि बायकोला पुढे बसवून कंपनीच्या कार्यशाळेत नेली. वाटेत दोघंही सिग्नलवरच्या फलकांबद्दल बोलली.

कार्यशाळेत इंजिनीअर बाई आणि दोन कारागीर थांबले होते. मिस्त्री अंगावरचा चांगला शर्ट विसरून गाडीखाली शिरले आणि खडूने खुणा केल्या.

"इथून कापा, जोड दिसेल. आणि हे बघा, या दोन पट्ट्या माझ्या आहेत, नवव्या वर्षी लावलेल्या. त्या कंपनीच्या नाहीत. त्या मोजायच्या नाहीत."

"माझ्या लक्षातच आलं नसतं," बाई गुडघ्यावर बसून म्हणाल्या. "मी त्या मूळच्याच धरल्या असत्या."

"म्हणून तर आलो. माझ्या चुकीवर पुढची गाडी उभी राहायला नको."

मग त्यांनी किल्ली दिली. कापताना थांबणार का, असं बाईंनी विचारलं. "नको," मिस्त्री म्हणाले, "तुमचा हात थरथरेल." बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि बायकोने, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सबंध रस्ताभर त्यांना कशाबद्दलही टोकलं नाही.

सहा आठवड्यांनी फोन आला. "काका, हौदा पंचवीसवर आणलाय! रुबाब सगळा काढून टाकला. मीटिंगमध्ये जोरात भांडण झालं."

"गाडी येणार का मग?"

"ते अजून नाही ठरलं. पण पूर्वी विषय निघाला की हसायचे, आता भांडतात."

"बरं. अजून चार इंच."

"बॅटरी डोक्यावर घेऊ का काका?"

"सीटखाली बघा. तिथे पोकळी असते."

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "बघते," असं म्हणून फोन बंद झाला.

"पगार ठरवून घ्या आता," बायको म्हणाली.

पगाराचं राहू द्या, दुकानच थंडावलं होतं. खांद्याला पिशवी लावून मिस्त्री बसने घरोघर जात, पाइप बदलत, पंप साफ करत. पण ड्रमचं काम दुकानातल्या बाकाशिवाय होत नाही, आणि बाकापर्यंत मशीन आणणार कोण? ड्रम गेलेल्या गिऱ्हाइकांना ते दुसऱ्या दुकानाचा नंबर देऊ लागले. बायकोने एकदा कुलपाचा विषय काढला. महिनाअखेरपर्यंत बघू, असं त्यांनी सांगितलं.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी गल्लीत खडखडाट ऐकू आला. मिस्त्री बाहेर आले. चढावरून एक मशीन खाली येत होतं, ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीवर बसून, पोटाला दोन कमरपट्टे बांधून. पुढून शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई खुर्ची अडवत उलट्या चालत होत्या. मागून त्यांचे यजमान, हातात पट्ट्यांची टोकं, पँट एका हाताने धरून.

"मिस्त्री, हसू नका!" बाई लांबूनच ओरडल्या. "दुसऱ्या दुकानात विचारलं. तो म्हणतो फेकून द्या, नवीन घ्या. आम्ही म्हटलं, आमच्या मिस्त्रींना विचारल्याशिवाय नाही."

"अहो, मला फोन करायचात."

"तुम्ही आम्हाला त्याचाच नंबर दिला असतात!" यजमान धापा टाकत म्हणाले. "हे आधी आत घ्या, माझी पँट चाललीय."

त्यांच्या मागे, चढाच्या वरच्या टोकाला, आणखी कुणीतरी बाळाची ढकलगाडी सांभाळून उतरवत होतं. गाडीत बाळ नव्हतं.

मिस्त्रींनी बाह्या वर केल्या. दुकानाला दोन फळ्यांचं दार होतं. एकट्या माणसाला एक फळी पुरते, म्हणून दुसरीची कडी गंजून बसली होती. त्यांनी तिला दोन ठोके दिले, खांदा लावला आणि ती सताड उघडली.