चाळणीवाले, भाग दोन

गुणवंतांचे चेहरे दोरीने आवळून बांधणं हा अमानचा धंदा. लातुरात निकाल लागला की चौकाचौकात इतके चेहरे टांगले जातात की मागचं दुकान शोधायला खाली वाकावं लागतं, आणि त्यातले निम्मे तरी अमानने टांगलेले असतात. लोखंडी सांगाड्यावर चढायचं, फ्लेक्स ताणायचा, कुणाच्या नाकावर सुरकुती आली असेल तर ती काढायची आणि उतरायचं. नव्वद टक्क्यांखालचा चेहरा त्याने आजवर टांगला नव्हता. आपण वरून पडलो तर क्लासवाले आधी फ्लेक्स फाटला का ते बघतील, हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्या दिवशी तो असाच वर होता. खाली दोन पोरं सायकली धरून उभी होती. एक म्हणालं, "उद्यापास्नं काम सोडायचं." दुसरं म्हणालं, "उद्या कशाला, आजच सोडू." पहिलं म्हणालं, "आज पगार हाय," आणि दोघं खिदळली.

अमानचे हात थांबले. हे त्याचे आणि शिवशंकरचे डायलॉग होते. चौदा वर्षांपूर्वी ते दोघं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळणीवर कामाला होते. अमानचा मावसभाऊ यासेर नांदेडला लग्नाचं शूटिंग करायचा. लग्नसराई संपली, कॅमेरा रिकामा पडला, तेव्हा त्याने या दोघांचाच पिक्चर काढला, 'चाळणीवाले'. गोष्ट एवढीच, की दोन दोस्त रोज संध्याकाळी काम सोडायची शपथ घेतात आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी चाळणीवर हजर असतात. सीडी निघाली. नांदेडच्या स्टेशनाबाहेर, मुखेडच्या बाजारात, औशाच्या एसटी स्टँडवर ती खपली. लोक पोट धरून हसले, कारण लोकांनाही नोकरी सोडायची होती. मग सीडीचा जमाना गेला, चाळणीला मशीन आली, अमान सांगाड्यावर चढला आणि शिवशंकर मुलांच्या हॉस्टेलच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला. दोघांची प्रगती म्हणायची ती एवढीच.

इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं नाव काढलं म्हणून अमान खुशीत खाली उतरला. "कुठं बघितला रे पिक्चर?"

पोरांनी त्याला ओळखलं आणि एकमेकांकडे बघितलं. मग धाकटं दिसणारं म्हणालं, "क्लासला वीरभद्रसर दाखवतात. नव्या बॅचला, पयल्या दिवशी. प्रोजेक्टरवर."

"कशापायी?"

"अभ्यास न्हाई केला तर असं व्हतंय म्हणून."

अमानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांनी हसावं म्हणून त्यांनी घाम गाळला होता. त्या हसण्याचं या माणसाने भय केलं, ते पोरांच्या मानेवर ठेवलं आणि त्याच्यावर क्लास चालवला. आणि ज्या फ्लेक्सांमुळे भिंतीभिंतीवर, चौकाचौकात हा क्लास मोठा दिसतो, ते कुणी बांधले? पण आग भडकायला खरं कारण वेगळंच होतं. त्याची मुलगी नाझनीन त्याच क्लासला होती. परीक्षा देऊन, गुणांवर निवडली गेली होती.

घरी गेल्यावर त्याने तिला विचारलं, "तुला दाखवला?"

"हाव."

"मंग तू काय केलंस?"

"खाली बघितलं," ती म्हणाली. "सगळे हसले अब्बा. कुणाला माहीत न्हाई तुम्ही माझे अब्बा हायत म्हणून." आणि ती पुस्तक उघडून बसली. पालकसभेला येऊ नका असं ती वर्षभर का म्हणत होती, ते अमानला तेव्हा कळलं. त्याला वाटलं होतं, कपड्यांमुळे असेल.

दुसऱ्या दिवशी तो वीरभद्रसरांच्या केबिनमध्ये शिरला. सर चिडले नाहीत. चिडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. सरांनी चहा मागवला.

"अमानभाई, मी तर तुमचा फॅन आहे."

"मंग पोरांना भ्या दाखवायला आमीच सापडलो का?"

"भीती कसली? मुलं हसतात. हसत हसत शिकतात." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "असं करा, भाग दोन काढा. हॉल माझा, मुलं माझी, सगळी सोय माझी. नवा आल्यावर जुना कोण दाखवतंय?"

अमान भांडायला आला होता आणि भाग दोन घेऊन बाहेर पडला. मोठ्या लोकांच्या केबिनमध्ये असंच होतं. पण त्याने एक अट घातली होती, आमची फजिती व्हायची नाही. तीनशे पोरं त्या हॉलमध्ये मोंढ्यातल्या हमालांसारखी खुल्या दिलाने हसली, तर नाझनीनला मान वर करून बसता येईल, आणि ते जुनं दाखवणंही बंद होईल. त्याला दुसरं काही नको होतं. नांदेडहून यासेर तर पहिल्याच एसटीने आला. चौदा वर्षं तो भाग दोनची वाट बघत होता. लग्नात नवरीवर अक्षता पडताना शूट करून त्याचा जीव विटला होता.

कथा मात्र सरांनी स्वतःच लिहिली. दोन दोस्त चाळिशीला आल्यावर सरांच्या क्लासला प्रवेश मागायला येतात. सरांचं काम सर स्वतः करणार होते, आणि त्यात ते एकदाही चुकत नव्हते. अमानने कागद शिवशंकरला वाचून दाखवला. एका ओळीपाशी तो थांबला. सर विचारतात, "दहावीला असताना काय करत होतास?" आणि शिवशंकरने म्हणायचं, "पिक्चर बघत होतो, सर."

शिवशंकर औसा तालुक्यातल्या एका गावचा. भूकंपाच्या साली तो दहावीत होता. गणपतीचं विसर्जन झाल्यावर औशात एका मंडळाने पडदा लावून विनोदी पिक्चर दाखवला. तो बघायला हे पोरगं गावाहून गेलं, हसून हसून दमलं आणि उशीर झाला म्हणून तिथेच कुणाच्या तरी ओट्यावर झोपलं. पहाटे जमीन हलली. गावात घर पडलं, आणि आई, बाप, आजा, दोन बहिणी, सगळे त्याच्याखाली गेले. मग पत्र्याचं शेड, मग मामाचं घर, मग मोंढा. दहावीच्या परीक्षेचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

"ही ओळ काढायची," अमान म्हणाला.

"राहू दे रे. खरंच तर हाय," शिवशंकर म्हणाला.

"खरं हाय म्हणूनच काढायची."

अमान सरांकडे गेला तर सर हसले. "अहो, तोच तर पंच आहे. आईवडिलांना नेमकं हेच ऐकायचं असतं." अमान कारण सांगणार होता, पण मागे उभ्या शिवशंकरने त्याची बाही ओढली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सांगू नको. मंग लोक माझ्याकडं तसं बघतेत. मला न्हाई आवडत." अमानने राग गिळला, कारण नाझनीनची मान त्याच्या डोळ्यांपुढे होती.

रविवारी शूटिंग. हॉलमध्ये बारावीची सगळी बॅच गळ्यात ओळखपत्रं घालून बसवलेली. ऑफिसातला मडिवाळप्पा, निलंग्याकडचा माणूस, हातात लाल डस्टर घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभा. डस्टर वर गेलं की हसायचं, खाली आलं की गप्प. सरांनी पोरांकडून तालीम करून घेतली. पोरं एका दमात हसली आणि एका दमात गप्प झाली. त्यात त्यांना काहीच अवघड गेलं नाही, रोज याहून अवघड गोष्टी त्यांच्याकडून करून घेतल्या जात होत्या. मुलींच्या बाजूला तिसऱ्या बाकावर नाझनीन होती. तिने अमानकडे बघितलं आणि अगदी हलकं हसली. अमानला वाटलं, झालं, जमलं आपलं.

पहिले डायलॉग अमानचे होते. डस्टर वर, हशा, डस्टर खाली. मग सर शिवशंकरकडे वळले.

"आणि तू रे? दहावीला असताना काय करत होतास?"

"पिक्चर बघून राहिलतो, सर."

डस्टर वर गेलं. हॉल हसला. शिवशंकर हशासाठी जरा थांबला, जुन्या नटासारखा. मग त्याला काय झालं कोण जाणे, तो पुढे बोलतच गेला. "औशात," तो म्हणाला. "मंडळानं लावला व्हता. लई हसलो. तिथंच झोपलो म्हणून वाचलो. घरचे पाचीजण घरात व्हते."

मडिवाळप्पाचा हात वरच होता. सर पुढचं वाक्य बोलले की हात खाली घ्यायचा, असं त्याला सांगितलं होतं, आणि सर अजून बोलले नव्हते. त्यामुळे पोरं हसतच राहिली. आई-बापांवर हसली, बहिणींवर हसली. अमानने तिसऱ्या बाकाकडे बघितलं. नाझनीन हसत होती. ज्या काकाच्या खांद्यावर बसून ती उरूस बघायला गेली होती, दर वर्षी भूकंपाच्या तारखेला तो काका पहाटे घरात न जाता गेटवरच बसून का राहतो हे जिला ठाऊक होतं, ती डस्टरकडे बघून सगळ्यांबरोबर हसत होती. मग तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. हुशार लेकीला इथे काय शिकवलं, हे त्या एका क्षणात अमानला दिसलं, आणि त्याला तो आख्खा हॉल पेटवून द्यावासा वाटला.

"छान," सर म्हणाले. "फक्त ते घर, पाच जण वगैरे नको. मूड जातो. तेवढं सोडून परत घेऊ."

"ओ सर," अमान पुढे झाला. त्याचा आवाज इतका चढला की शेवटच्या बाकांपर्यंत गेला. "ते लिहिलेलं न्हाई. भूकंपात घर गेलंय त्याचं. पाच माणसं गेली. पिक्चर बघायला गेलता म्हणून हा तुमच्यासमोर उभा हाय."

"अरेरे," सर म्हणाले. "फार वाईट झालं." मग त्यांनी हातातला कागद नीट केला. "मग तर तेवढं नकोच. लोकांना त्रास होतो. चला, परत."

"यासेर, बंद कर कॅमेरा."

यासेर हलला नाही. त्याचं तोंड कॅमेऱ्यामागे होतं. शिवशंकरने अमानचा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "एकदा घेऊ दे रे. पोरीसाठीच तर करून राहिलो आपण. तिच्या सरांना कशाला दुखवायचं?" त्याने शर्ट खाली ओढला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. अमानला त्याचाही राग आला. ज्यांच्यावर अन्याय होतो तीच माणसं दुसऱ्यांची सोय बघतात, आणि दुसऱ्यांना त्याची सवय होते.

"दहावीला असताना काय करत होतास?"

"पिक्चर बघत होतो, सर." या वेळी त्याने कागदावर होतं तसंच म्हटलं. चांगलं म्हटलं, खांदे पाडून, तोंड वाकडं करून, चौदा वर्षांपूर्वी म्हटलं असतं तसं.

मडिवाळप्पाने डस्टर वर केलं. मागून दोन पोरं सवयीने हसली आणि मध्येच थांबली. तिसऱ्या बाकावर नाझनीन उभी राहिली होती.

"काय गं? डाऊट आहे का?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "ते माझे अब्बा हायत. आन् हे शिवशंकरकाका. मघाशी मी हसले. आता न्हाई हसणार."

"खाली बस."

ती बसली नाही. सगळा हॉल आधी तिच्याकडे, मग अमानकडे, मग शिवशंकरकडे बघत राहिला. मडिवाळप्पाने डस्टर हलवून बघितलं. मग सरांकडे बघितलं आणि त्याचा हात आपोआप खाली आला. सरांनी तो हात धरून पुन्हा वर केला.

"हसा," सर म्हणाले. कुणी हसलं नाही. "अरे, हसा म्हणतोय ना मी." सरांची मान लाल झाली होती. "शेवटचं सांगतोय, हसा." तीनशे पोरं ओळखपत्रांशी चाळा करत बसली होती. यासेरने अजूनही कॅमेरा बंद केला नव्हता.

शिवशंकर मात्र घाबरला. इतका वेळ लोक हसले नाहीत असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. तो अमानकडे सरकला आणि कानात म्हणाला, "माझं चुकलं का रे काही?"

अमानने हॉलभर नजर फिरवली. "न्हाई," तो म्हणाला. "ऐकून राहिलेत ते."