पेडलखालचा पाय

गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जुन्या टॅक्सीभोवती सकाळपासून माणसांचं कडं पडलं होतं. मागचे टाचा उंचावत होते, पुढचे काचेला नाक लावून उभे. स्टिअरिंगपुढे वहिनी बसली होती आणि दारावर रेलून अत्तरबाबा. यांचा वास आधी पोहोचायचा, बाबा मागाहून. म्हणून हे नाव.

"हाक मार, माई. एका हाकेला एक दाब. मध्ये खंड पडू देऊ नकोस, आत्मा बिथरतो."

"अहो..." वहिनीने क्लच दाबला. पेडल फदफदत तळाशी गेलं. "अहो, ऐकताय ना?" पुन्हा तळाशी. तिसरी हाक, चौथी हाक. आणि सातव्या हाकेला पेडलने तळव्याला खालून रेटा दिला.

"आला! खालून पाय लावला त्याने!" बाबा गरजले. कड्यातून उसासा उठला. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले.

तिचा धाकटा दीर बोनेटपाशी मान खाली घालून उभा होता. दोन महिन्यांपूर्वी दादा, वहिनीचा नवरा, झोपेतच गेला. त्यानंतर टॅक्सी बाहेर काढली तर क्लच तळाशी आणि गिअर पडेना. बाबांनी निदान केलं, दादाचा पाय पेडलखाली अडकलाय. उपाय एकच, गाडी बाबांच्या चरणी. गाडीचे कागद वहिनीच्या नावावर, आणि ते आज तिच्या मांडीवरच होते. घराची चूल त्या टॅक्सीवर पेटत होती. धाकट्याला दुसरं काही येत नव्हतं.

पण बोलायचं कोणत्या तोंडाने? हाकेला उत्तर यायला लागल्यापासून वहिनी दोन घास खाऊ लागली होती. केस विंचरू लागली होती.

"मला बसू दे गं जरा," वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई कडं फोडून आत आल्या. पेडल पुन्हा सैल पडेपर्यंत त्या तासभर पायरीवर थांबल्या, मग वहिनीला उतरवून सीटवर बसल्या आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "बारा एके बारा! बारा दुणे चोवीस! बारा त्रिक छत्तीस!"

सातव्या दाबाला पेडल घट्ट.

"काय हो बाबा, हा आत्मा पाढ्यालाही येतो? जिवंतपणी तर गणिताच्या तासाला पळून जायचा. माझाच विद्यार्थी तो."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता पेडल पुन्हा सैल पडलं की तुम्ही बसा. एकच हाक, एकच दाब. आणा त्याला."

"आत्म्याला घाई चालत नाही, बाई!"

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. "तू ड्रायव्हर ना रे? सांग, काय झालंय?"

त्याने एकदा वहिनीकडे पाहिलं. "हवा आहे क्लचच्या नळीत. खालच्या सिलिंडरचं रबर मी बदललं, तेल भरलं. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून पेडल पोकळ जातं. भराभर दाबलं की थोडं तेल पुढे सरकून घट्ट होतं, जरा वेळाने पुन्हा सैल."

"मग हवा काढली का नाहीस?"

"त्याला दोन माणसं लागतात, बाई. एक वर पेडल दाबून धरतो, दुसरा खाली हवा सोडायचा निपल उघडतो. वर नेहमी दादा असायचा."



"मी बसते की," वहिनी हळूच म्हणाली आणि पुन्हा सीटवर बसली. "सांगा भावजी, काय करू?"

धाकटा गाडीखाली सरपटला. निपलला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलं. बाई बोनेटखालच्या डबीत तेल ओतायला उभ्या राहिल्या.

"वहिनी, दाबा. धरा, सोडू नका." निपल उघडला. नळीतून फेस आला, बुडबुड्यांमागून बुडबुडे. निपल बंद. "हं, सोडा."

"बघा, बघा! आत्मा बाहेर पडतोय!" बाबांनी शेवटचा डाव टाकून पाहिला.

"मग ती बाटली घेऊन जा," बाई म्हणाल्या. "गाडी राहू दे इथेच."

या वेळी सगळी गल्ली हसली. वास विरायच्या आत बाबा कोपऱ्यावरून वळले होते.

दहाबारा खेपांनी नळीत नुसतं तेल उरलं. पेडल पहिल्याच दाबाला घट्ट. माणसं पांगली. बाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, "अरे, असं काही दिसलं की विचारत जा, नाव न घेता होतं का? दुसऱ्याने केलं तर होतं का? हात जोडायच्या आधी एवढं तरी विचारा. दुःखातल्या माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही."

वहिनी तशीच बसून होती.

"भावजी, एकही हाक नाही मारली मी."

"नाही."

"इतके दिवस उत्तर कुणी दिलं मग?"

तेलाने माखलेले हात धाकट्याला कुठे ठेवावेत कळेना. खोटं बोलला असता तर ती रात्री जेवली असती.

"हवेने, वहिनी."

तिने कागद घडी करून त्याच्या खिशात खोचले. मग पाय पेडलवरून सावकाश उचलला, आणि पेडल आपसूक वर आलं.