हद्दीचा दगड

“अंगावर ट्रॅक्टर घातला माझ्या! जीव घ्यायला बघितला!” पायाला प्लास्टर घातलेला इंद्रजीत निमोणे गावच्या पारावर खुर्चीत बसून ओरडत होता आणि गाव माना डोलवत होतं. का नाही डोलवणार? इंद्रजीत हौसरावांचा थोरला, आणि हौसराव सोसायटीचे चेअरमन. अशा घरचं खोटंही गावाला तुपातलं लागतं.

समोर रखमाजीचा सुरज उभा होता; ट्रॅक्टर त्याचाच. हवालदार त्याला शिरूरला न्यायला गाडी घेऊनच आला होता. खुनाच्या प्रयत्नाची केस लागली की पोरगं आयुष्यातून उठणार, हे सगळ्यांना कळत होतं, तरी कुणी तोंड उघडेना.

“म्या बांधावर भाकर खात व्हतो,” सुरज परत परत तेवढंच सांगत होता.

“खोटं! रागानं गिअर टाकताना म्या डोळ्यानं बघितलं,” हौसरावांच्या मर्जीतला भिमाजी म्हणाला.

साखरबाईला हसूच फुटलं. ही हौसरावांची बायको, इंद्रजीतची सख्खी आई. बायांमधून उठली ती थेट पारापाशी आली.

“भिमाजी, तवा तू दौंडला लेकीकडं व्हतास न्हवं? तिथनं दिसलं व्हय? लई लांबची नजर बाबा तुझी!”

बाया पदराआड हसल्या. हौसराव डाफरले, “तू घरी जा.”

“जाते की. लेकाला एवढं इचारते आन् जाते. इंद्या, सुरजचं आन् तुझं वैर कशाचं रं?”

इंद्रजीतला हेच पाहिजे होतं. “अगं, आपल्या हद्दीचा दगड चोरला त्यानं! तो म्या काढून घेतला, म्हून राग हाय त्येला. पाय मोडला तरी म्या गड्याकडनं दगड परत बांधावर रोवून घेतलाय. सायेब, बघा चला!”

“शाब्बास. कुठं घावला?”

“त्येच्याच रानात. उतारावर.”

“उतारावर कुठं?”

“ट्रॅक्टरच्या चाकाखाली! लई घट्ट बसला व्हता. पहारीनं उचकटला तवा निघाला!”

आणि पोरगं मोठा गड जिंकल्यासारखं चौफेर बघायला लागलं.

पारावरच्या डोलणाऱ्या माना थांबल्या. सुरजच्या ट्रॅक्टरसारखा सेल्फ-स्टार्टर बिघडलेला ट्रॅक्टर आमच्याकडं उतारावर लावतात आणि चाकाखाली दगड देतात. दगड काढला, की गडी वर बसून उतारावरच तो चालू करतो. वर कुणी नसताना त्या दगडाला हात लावला, की ट्रॅक्टर घरंगळत अंगावर येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हद्द म्हटलं की आमच्या लोकांचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

“दगड काढला तवा ट्रॅक्टरवर कोन व्हतं?” हवालदारानं विचारलं.

“कोन न्हवतं. पन...” इंद्रजीत बोलता बोलता थांबला. आता कुठं उजेड पडला.

भिमाजीला एकाएकी म्हशीच्या धारा आठवल्या. हवालदारानं सुरजचा दंड सोडला. “जा रे घरी.” मग तो हौसरावांकडं वळला. “आबा, केस करायचीच तर तुमच्या पोरावर करावी लागंल.”

गर्दी पांगली. हौसराव दात खात म्हणाले, “पोटच्या पोराला उघडं पाडलंस.”

“आन् रखमाजीचं पोर काय बाभळीला लागलं व्हतं?” साखरबाई म्हणाली. तिनं इंद्रजीतच्या काखेत हात घातला. डोळे भरले होते, जीभ मात्र तशीच. “ह्यो येडा असला तरी माझा हाय. तुम्ही तर शहाणं व्हता न्हवं? धरा आता दुसरीकडनं. उचलायला गावातलं कुनी थांबलं न्हाई.”

चेअरमननं पोराचा दुसरा दंड धरला.