नाळेचा दोष कुणाचा?

सोनोग्राफीचा रिपोर्ट घरात आल्यापासून गुरुदत्तचा पाय एका जागी ठरत नव्हता. जेवता जेवता तो उठायचा, गॅलरीत जायचा, परत येऊन रिपोर्ट उलगडायचा. बाळाच्या नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. त्याच्या बायकोच्या, द्रौपदीच्या बाळाच्या नाळेत दोनच दिसल्या होत्या. उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले होते, "बहुतेक मुलं ठणठणीत जन्मतात. पण क्वचित हृदयाचा, किडनीचा नाहीतर गुणसूत्रांचा दोष असू शकतो. मुंबईला नीट तपासून घ्या."

तो १९९५ चा डिसेंबर. अंबरनाथ पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत निकाल मात्र आधीच लागला होता.

"मी सांगलेलं ना, गिरानात इळी धरू नको!" पुतळाबाई सुनेवर कडाडल्या. दिवाळीतल्या सूर्यग्रहणाच्या वेळी द्रौपदीने भाजी चिरली होती. "आता भोगा!"

"एक दिवस आईचं ऐकलं असतंस, तर काय बिघडलं असतं?" गुरुदत्तही बोलून गेला.

द्रौपदीने मान खाली घातली. पुढचे दोन दिवस घरात हेच चालू राहिलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या भिमाबाई आल्या. बावीस वर्षं त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. रिपोर्ट वाचून त्यांनी गुरुदत्तला विचारलं, "मुंबईची तारीख घेतलीस?"

"नाही अजून."

"मग दोन दिवस काय केलंस? हिला बोल लावलास?"

"मावशी, ते ग्रहण..."

"ग्रहण लागलं तेव्हा हिला कितवा होता?"

"चौथा."

"अरे, नाळ पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच तयार होते! आणि गुणसूत्रांची गडबड बहुतेकदा गर्भ राहतानाच झालेली असते. त्यात विळीचा काय संबंध? या पोरीचा तरी काय गुन्हा?"

गुरुदत्तने दुसऱ्याच दिवशी मुंबईची तारीख घेतली.

मुंबईच्या तपासणीत हृदय, किडन्या नीट दिसल्या. गुणसूत्रांसाठी गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासता येईल, पण त्यात गर्भाला थोडा धोका असतो, असं डॉक्टरांनी समजावलं. गुरुदत्तने पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"नको. जे येईल ते आपलंच," द्रौपदी म्हणाली.

त्याने मान्य केलं, पण जिवाची तगमग काही थांबली नाही. घरात पुतळाबाईंचे टोमणेही चालूच होते. त्यांना मात्र तो कधीच काही बोलला नाही.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. वजन कमी, अंग सैल, म्हणून दोघींना दवाखान्यातच ठेवून घेतलं. काही दिवसांनी रक्ताच्या तपासणीत नक्की झालं, डाऊन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त. बरंच काही शिकेल, पण उशिरा, असं डॉक्टर म्हणाले.

"बघितलंस? गिरानाचाच..." खाटेपाशी पुतळाबाईंनी सुरुवात केली.

"पुरे, आई!" गुरुदत्त एवढ्याने ओरडला, की अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. "हिचा दोष नाही! कुणाचाच नाही! चुकलो तो मी. चार महिने ही पोटात बाळ घेऊन तुझं ऐकत राहिली, आणि मी गप्प बसलो!"

इतके दिवस स्वतःला आवरून धरलेली द्रौपदी हमसून रडली. गुरुदत्त तिचा हात धरून बसून राहिला.

पुतळाबाई भिंतीकडे तोंड फिरवून बसल्या. मग बाळ किरकिरलं. त्या उठल्या, वाकून बघितलं. "हिला ओढायला जमत नाय गो," त्या सुनेला म्हणाल्या. "दूध काढून दे. चमच्यान पाजतू मी."

वाचकहो, नाळेत किती रक्तवाहिन्या असाव्यात, हे कुठल्याच आईच्या हातात नसतं. असा रिपोर्ट आपल्या घरी आला, तर गुन्हेगार शोधत बसू नका. डॉक्टर गाठा, नीट समजून घ्या, आणि त्या बाईला एकटं पाडू नका. मूल कसंही जन्मलं, तरी त्याला आधी घर लागतं!