केरबाच्या नावानं आलेली साखराबाई

मित्रांनो, मी शिवणकाम शिकणाऱ्या बायांचा एक जुना समूह आहे. इकडेतिकडे शोधू नका, मी मोबाईलमध्ये राहतो. शिकण्याच्या एका ॲपवर माझं पान आहे. वर शिलाई मशीनचं चित्र, खाली सदस्यांची नावं. मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्या पानावर जे येतं तेवढंच मला कळतं. आणि खरं सांगू का, हल्ली दिवसचे दिवस काही येत नाही. फार एकटं वाटतं हो.

चार वर्षांपूर्वी उमरीच्या राजकन्याताईंनी मला तयार केलं. त्या शिवणकाम शिकवायच्या. खेड्यातल्या बायांना रोज उमरीला येणं जमेना, म्हणून ताईंनी चोवीस धडे ॲपवर चढवले आणि माझं दार उघडलं. जिला यायचं तिनं विनंती पाठवायची, ताईंनी मंजूर करायची. पण मंजुरीआधी त्या ॲपवरूनच फोन लावायच्या. "कुणाची गं तू? घरी मशीन हाय का?" एवढं विचारलं की बाई आत!

आता गंमत ऐका. माझ्यात बाया साठ, आणि यादी वाचावी तर देविदास, वैजनाथ, माउली, सटवाजी! फोन नवऱ्याचा नाहीतर सासऱ्याचा, मग नाव त्यांचंच दिसणार ना? ताईंना सगळं तोंडपाठ होतं. देविदास म्हणजे रुक्मिणबाई, हे त्या झोपेतही सांगतील.

कंधारजवळच्या खेड्यातली साखराबाई अशीच आली, तिच्या नवऱ्याच्या, केरबाच्या नावानं. केरबा फोन चार्जिंगला लावून शेतात गेला की ती धडा बघायची. तिनं टाकलेला पहिला फोटो झबल्याचा होता. सोबत तिचा आवाज आला, "ताई, हसू नका. एक बाही लांब झाली. लेकरू हात वर करून बसंल!" ताई इतक्या हसल्या, की त्यांना पुढचं बोलता येईना. मलाही हसू आलं. दिसलं नाही, एवढंच.

पण बाई चिवट होती. उसवायची, परत शिवायची. परकर झाला, फ्रॉक झाला, ब्लाउज झाला. तिचे त्रेसष्ट फोटो माझ्यात आहेत. पुढं पुढं तर इतर बाया ताईंच्या आधी तिलाच विचारायला लागल्या.

चोवीस धडे पूर्ण झाले की मिळणारं प्रमाणपत्र तिला हवं होतं. गावच्या बचत गटाकडं शाळेचे गणवेश शिवायचं काम येणार होतं आणि प्रमाणपत्र असलेल्या बाईलाच ते मिळणार होतं. मुदत जूनअखेरची. "एकदा का ते काम भेटलं, की उन्हातान्हात खुरपायला जायचं न्हाई. माझ्या मशीनवर बसीन," ती म्हणाली होती. बावीस धडे झाले, उरले दोनच, काज आणि कॉलर.

तेवढ्यात ताईंनी तब्येतीपायी काम सोडलं. माझा कारभार लातूरच्या प्रियदर्शनीकडे आला. पोरगी वाईट नव्हती, पण तिच्या गळ्यात माझ्यासारखे सात समूह होते. तिनं माझी यादी पाहिली आणि लिहिलं, "हा समूह फक्त महिलांसाठी आहे. पुरुष सदस्यांना काढण्यात येत आहे."

अहो, थांबा! ती रुक्मिणबाई आहे! तो केरबा नाही, साखराबाई आहे! मी आतल्या आत तळमळत होतो. एका बैठकीत एक्केचाळीस बाया बाहेर गेल्या. मला तोंड असतं, तर त्या दिवशी मी गाव गोळा केलं असतं.

दुसऱ्या दिवशी केरबाच्या नावानं विनंती आली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मी बाई हाय. फोन मालकाचा हाय." रकाना उघडला तरच दिसतो. प्रियदर्शनीनं वरचं नाव वाचलं आणि नाकारलं. परत आली, "ताई, मी साखराबाई. दोनच धडे राहिलेत." नाकारलं. तिसऱ्यांदा नुसतं "आत घ्या ना ताई" एवढंच होतं. तेही नाकारलं. तीनदा नकार मिळाला की ॲप स्वतःच दार लावून घेतं. जून संपला.

पुढं ऑगस्टात रुक्मिणबाईची लेक ऋतुजा स्वतःच्या फोनवरून आली. तिनं विचारलं, "माझ्या आईला का काढलं?" तेव्हा कुठं प्रियदर्शनीनं जुने फोटो उघडले. प्रत्येक फोटोत बांगड्यांचे हात होते. तिचा आवाज आला तो रडवेला. "मी एकीलासुद्धा फोन केला नाही." तिनं एक्केचाळीस जणींना बोलावणं धाडलं. सात परतल्या. गणवेशाचं काम तोवर दुसऱ्या गावी गेलं होतं.

आणि एक दिवस केरबा आत आला. खराखुरा केरबा! "मी आता हैदराबादला वॉचमन हाय," तो चाचरत बोलला. "बोलावणं दिसलं म्हणून दाबलं." मग त्यानं फोटो बघायला सुरुवात केली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट बघितले. मग लिहिलं, "हे समदं तिनंच केलं?"

"हो दादा, त्यांनीच," प्रियदर्शनीनं लिहिलं. "चूक माझी आहे. प्रमाणपत्र अजूनही मिळेल. त्यांना धड्याला बसवा, मी लगेच उघडते."

"कशावर बसवू ताई?" केरबानं विचारलं. "घरातला एकच फोन, तो तर मी घेऊन आलो."

 

मित्रांनो, उद्या तुम्ही एखाद्या समूहाचे कारभारी व्हाल. नाव पुसण्याआधी एक फोन लावा. पलीकडं कोण बसलंय, ते विचारा. आणि तुमच्या घरात कुणी दुसऱ्याच्या फोनवर चोरून-लपून काही शिकत असेल, तर शेजारी जाऊन बसा, काय शिकतेय ते बघा. तिच्या हातात तिचा फोन येईल असं काहीतरी करा. मी नुसतं पान आहे, माझ्याच्यानं ते होत नाही.

केरबा अधूनमधून येतो, एखादा फोटो उघडून बघत बसतो आणि निघून जातो. साखराबाईचं नाव माझ्या यादीत कधी आलंच नाही.