मेढीला बांधलेला पांगुळगाडा

मित्रांनो, माझ्या दांडीवरची कोंबडी हाकलू नका, तिला इथे बसायची सवय झाली आहे. मी तीन चाकांचा पांगुळगाडा. आता जुना झालो, पण एके काळी माझाही तोरा होता. वाणगावच्या सुताराने मला सागाच्या तुकड्यांतून घडवलं आणि २०१६च्या पावसाळ्याच्या तोंडावर लडक्याने खांद्यावर घालून डोंगराकडच्या आपल्या पाड्यावर आणलं.

लडक्या गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. फक्त पावसाळ्यात घरी यायचा. त्याची रोशनी दीड वर्षाची झाली, तरी चालत नव्हती, एक शब्द बोलत नव्हती. बापाला पाहिलं की आईच्या लुगड्यात तोंड लपवायची. लडक्याला ते फार लागलं. म्हणून तर मी आलो.

तिची आई सुकी भातलावणीला जाऊ लागली आणि पोर बापावर सोपवली गेली. पडवीला उतार होता. गाडा घरंगळू नये म्हणून या पठ्ठ्याने मला बोटीसारखं दोराने मेढीला, म्हणजे घराच्या खांबाला, करकचून बांधलं आणि स्वतः निवांत आडवा झाला. रोशनीने मला गदागदा हलवलं. ती रडली, मग रडायचीही थांबली. तिचं ते गप्प उभं राहणं मला सहन होईना. चाकं असून माझा काही उपयोग नव्हता.

अंगणवाडीच्या जयश्रीताईंनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"लडक्या, पोरीला बांधून का ठेवलंस?"

"ताई, बोट बांधली नाय तर वाहून जाते."

"ही बोट आहे का? दोर सोड. समोर बस, बोल तिच्याशी. ती चालणार, बोलणार कोणाच्या जिवावर?"

"मला पोरांशी बोलता येत नाय."

"मग मासळीची नावं सांग. पण बोल."

लडक्याने दोर सोडला. मला अंगणात सपाटीवर आणलं आणि समोर उकिडवा बसून तो सांगू लागला, "बोंबील. घोळ. पापलेट." रोशनी टकमक बघत राहिली. शेजारचा हाल्या कुंपणावरून म्हणाला, "लडक्या, आता पदर पण घे." लडक्याचे कान लाल झाले, पण तो उठला नाही. रोज बसला. न्हाऊ घालू लागला, भरवू लागला. पोर त्याच्याकडे बघून हसू लागली.

मग बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे बोटीवरच्या मुख्य खलाशाचा, फोन आला.

"परवा बोट सुटते. निघ."

"पोरगी चालली की येतो."

"तुझी जागा जाईल."

"जाऊ दे."

सुकी हे ऐकत होती. ती म्हणाली, "तू बस तिच्यापाशी. मी आणखी चार दिवस लावणीला जाते."

बोट गेली. पुढच्याच आठवड्यात रोशनीने माझी दांडी सोडली आणि डुलत डुलत बापापर्यंत गेली. "बा," म्हणाली. लडक्याने तिला उचललं नाही. तो चार पावलं मागे सरकून पुन्हा बसला, आणि ती पुन्हा चालली.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी कोपऱ्यात आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या घरी तान्हं भावंड असेल तर बाबांना सांगा, गाडा आणलात, बरं केलंत. आता बाळासमोर येऊन बसा.